एका संवादाचे मराठी : अहिल्याबाई आणि मुक्ताबाई

मराठी ऐतिहासिक कादंबरीत आई विपुल आहे, लेक मात्र जवळजवळ नाही. ‘स्वामी’ (१९६२) मध्ये गोपिकाबाई व माधवराव, ‘श्रीमान योगी’ (१९६८) मध्ये जिजाबाई व शिवाजीमहाराज, ‘राऊ’ (१९७२) मध्ये राधाबाई व बाजीराव असे माता-पुत्रांचे नाते कथानकाला ताण देते. युद्धकाळातील घराण्याची कथा मायलेकींच्या नात्यावर उभी करावी, असे आपल्या प्रमुख कादंबरीकारांच्या मनात फारसे आलेले दिसत नाही. याचे कारण केवळ प्रतिभेच्या अभावात शोधणे उचित होणार नाही. घराण्याची कथा वंशावळीच्या आधाराने चालते, आणि लग्न होताच लेकीचे नाव माहेरच्या वंशावळीतून उतरते. बखरकारांनी रणांगण वर्णिले, त्यांना मायलेकी दिसल्या नाहीत. जात्यावरच्या ओवीने मायलेकींचे नाते इतके गाइले की त्याला तोड नाही, पण तिच्यात माळव्यातील मोहिमा नाहीत. भाषेतसुद्धा हा भेद उमटला आहे. ‘लेक’ हा शब्द दोन्ही लिंगी चालतो. तथापि ‘मायलेक’ म्हटले की आई व मुलगा हाच अर्थ प्रथम मनात येतो, आणि मुलीसाठी ‘मायलेकी’ असे वेगळे रूप योजावे लागते.

या दोन परंपरांमधली रिकामी जागा भरून काढणारा एक प्रसंग उपलब्ध आहे, आणि चमत्कारिक गोष्ट अशी की तो आपणांस इंग्रजीतून मिळाला आहे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात अहिल्याबाई होळकरांची कन्या मुक्ताबाई हिच्या सहगमनाची हकीकत आहे. मुक्ताबाईचा एकुलता मुलगा आधीच वारला होता. १७९१ साली पती यशवंतराव फणसे निवर्तले. अहिल्याबाई त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या होत्या.

या प्रसंगाची पूर्वपीठिका युद्धाची आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, हे सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईचा जन्म सामान्यतः १७४८ सालचा मानतात. म्हणजे त्या वेळी ती अवघी सहा वर्षांची होती. पुढे १७६१ चे पानिपत, त्याच वर्षी सासू गौतमाबाईंचा मृत्यू, १७६६ मध्ये मल्हाररावांचा आणि १७६७ मध्ये मालेरावाचा अंत. मल्हाररावांनी १७६५ साली सुनेला तोफखाना व दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. सासऱ्याने सुनेला मोहिमेची कामे सांगावीत हा त्या घराण्याचा विशेष खरा; पण हे सारे लेकीच्या डोळ्यांदेखत घडत होते, याकडे कोणी लक्ष देत नाही.

लेकीच्या लग्नाची आख्यायिका मात्र सगळे सांगतात. जो लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला कन्या देऊ, असा पण अहिल्याबाईंनी लावला आणि यशवंतरावांनी तो जिंकला, अशी ती कथा आहे. हा प्रसंग अहिल्याबाईंच्या हाती कारभार आल्यानंतरचा, म्हणजे १७६७ नंतरचा धरला, तर मुक्ताबाई तेव्हा एकोणीस वर्षांची ठरते. त्या काळच्या विवाहवयाचा विचार करता हे पटण्याजोगे नाही. आख्यायिकेने लेकीला स्वयंवराच्या जुन्या साच्यात बसविले आहे, एवढेच यातून निष्पन्न होते.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. माल्कमच्या कथनात आईचे बोलणे अप्रत्यक्ष आहे: तिने लेकीपुढे जमिनीवर लोटांगण घातले आणि मला एकटी टाकून जाऊ नकोस, अशी याचना केली, असे लेखक सांगतो. लेकीचे उत्तर मात्र प्रत्यक्ष वाक्यांत दिले आहे. तिचा आशय असा की, आई वृद्ध आहे, थोड्या वर्षांत तिचेही आयुष्य सरेल. पती व पुत्र गेले, आईही गेली म्हणजे जगणे असह्य होईल, आणि सन्मानाने मरण्याची वेळ तोवर निघून गेलेली असेल. याचनेला तर्काने उत्तर देणारी ही लेक शांत आहे, आणि त्यामुळेच ते उत्तर अधिक दारुण वाटते.

प्रस्तुत लेखकाने हा उतारा एकदा पदव्युत्तर वर्गात भाषांतरासाठी दिला होता. अडचण पहिल्याच वाक्यात आली. इंग्रजी मध्यमपुरुषी सर्वनाम एकच. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करणे भाग आहे. बहुतेकांनी ‘आई, तू’ लिहिले, काहींनी ‘आईसाहेब, आपण’. पहिल्या पर्यायात घरातली लेक बोलते, दुसऱ्यात दरबारातली. (नाटक-चित्रपटांनी रूढ केलेले ‘माँसाहेब’ सुदैवाने कोणी वापरले नाही.) याहून सूक्ष्म प्रश्न प्रथमपुरुषाचा आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ असा भेद आहे. पुत्र व पती गमावलेल्या या दोन विधवा होत्या. आईच्या याचनेत ‘आपण दोघी’ येणे सर्वथा स्वाभाविक होते. लेकीच्या उत्तरात मात्र सर्वत्र ‘माझे’ आणि ‘मी’ आहे. त्या ‘आपण’मधून ती बाहेर पडली आहे, हे इंग्रजी वाचताना जाणवत नाही, मराठी करू लागताच लक्षात येते.

हा संवाद कितपत विश्वसनीय आहे, असा आक्षेप रास्त आहे. माल्कमने माहिती जमविली ती घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी, अहिल्याबाईंना ओळखणाऱ्यांच्या तोंडून. मुक्ताबाईच्या वाक्यांची घडण रोमन शोकांतिकेतील नायिकेसारखी आहे, आणि ती सफाई बहुधा लेखकाची आहे. परंतु पुढचा तपशील तसा वाटत नाही. आई प्रेतयात्रेबरोबर चालत गेली. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी तिला धरून ठेवले होते. ज्वाला उठताच ती किंचाळली आणि सोडवून घेता न येणाऱ्या आपल्याच हातांना चावू लागली. राज्यकर्त्या स्त्रीची थोरवी सांगण्यासाठी लिहिणाऱ्या ग्रंथकाराने हे रचून घातले असेल, असे मानणे कठीण आहे. आपल्या ‘पुण्यश्लोक’ परंपरेला हे हात अडचणीचे ठरतात. देवत्व दिलेल्या आईला लेकीपुढे हरता येत नाही. येथे तर ती हरली आहे. १७५४ साली सासऱ्याचे शब्द जिथे सफल झाले, तिथे १७९१ साली आईचे झाले नाहीत, आणि याच विरोधात एका मोठ्या कादंबरीचे बीज आहे. स्कॉटिश कवयित्री जोआना बेली हिने अहिल्याबाईंवरील इंग्रजी काव्य १८४९ मध्येच प्रसिद्ध केले. आपल्याकडे अहिल्याबाईंवर पुष्कळ लिहिले गेले, पण लेखन आईभोवती फिरत राहिले आणि लेक पुरवणीत गेली.

नर्मदेत स्नान करून अहिल्याबाई वाड्यात परतल्या आणि तीन दिवस एक शब्दही बोलल्या नाहीत, असे माल्कम लिहितो.

त्या घरात लेक आईला काय म्हणत असेल, याचा शोध अशक्य कोटीतला नाही. पारसनिसांनी छापलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ आणि पेशवे दफ्तरातील घरगुती पत्रे यांतील स्त्रियांची संबोधने, सर्वनामे व क्रियापदांची आदरार्थी रूपे एकत्र मांडल्यास निदान पत्रभाषेची मर्यादा कळेल. लेखी ‘मातुश्री’ आणि बोलण्यातली ‘आई’ यांमधले अंतर किती होते, हे त्यानंतर विचारता येईल. एखाद्या विद्यार्थिनीने हा विषय प्रबंधिकेसाठी घेण्यासारखा आहे.