फ्रान्समधल्या पीएचडीच्या जाहिरातीत पगाराआधी काय वाचाल?

फ्रान्समधल्या लॅबची जाहिरात आली की तुमचे मेसेज सुरू होतात, ‘दादा, पगार किती?’ अहो, सरकारी डॉक्टरेट करारात किमान पगार ठरलेलाच असतो. 2025 मध्ये महिना 2,200 युरो होता, 2026 पासून 2,300. कपातीनंतर हातात साधारण पाचवा हिस्सा कमी येतो. शिवाय तुम्ही तिथे नोकरदार धरले जाता, म्हणजे आरोग्य विमा, पगारी रजा वगैरे आलंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘फिनांसमाँ’, म्हणजे पैसे कुठून येणार, या ओळीबद्दल. ती बहुधा अगदी तळाशी असते. तिथे एखाद्या मंजूर प्रकल्पाचं नाव असेल, तर गाइडच्या हातात खरोखर जागा आहे. पण ‘एकोल दॉक्तोराल’ची स्पर्धा असं लिहिलेलं असेल, तर ती जागा अजून जागाच नाही! गाइडने फक्त विषय मांडलाय. मग बऱ्याच ठिकाणी मे-जूनमध्ये समितीपुढे मुलाखती होतात, त्यात इतर गाइडांचे उमेदवारही असतात, आणि वर क्रमांक लागला तरच करार. अशी जाहिरात ‘पद उपलब्ध’ म्हणून फिरवणं मला दिशाभूल वाटते.

मी फसलो तो इथेच. ‘तुमची निवड आम्ही केली आहे’ असा गाइडचा मेल आला, घरी पेढे वाटले, बाकीचे दोन अर्ज सोडून दिले. ती निवड फक्त स्पर्धेला पाठवण्यापुरती होती. जुलैत यादी लागली, नाव नव्हतं. स्पर्धेची ओळ जाहिरातीत होती, पण फक्त फ्रेंच मजकुरात. मी इंग्रजी तेवढा वाचलेला.

स्पर्धा सगळ्यांना खुली असते हे खरंय. पण तिथला विद्यार्थी मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी पाच-सहा महिने लॅबमध्ये ‘स्टाज’ करतो, आणि पुष्कळदा पीएचडीचा विषय त्याच कामातून निघालेला असतो. आपण एमएस्सीला ठरलेली प्रॅक्टिकल्स करून जर्नलवर सह्या घेतलेल्या! करार 3 वर्षांचा, मुदतवाढ हक्काने मिळत नाही. त्यामुळे जागा मिळाली तरी आपलं पहिलं अर्ध वर्ष यंत्र शिकण्यातच जातं.

पोस्टडॉकचं त्या मानाने सोपं आहे. प्रकल्पाचा पैसा, ठरावीक मुदतीचा करार, निवड बहुतेक गाइडच्याच हातात. फक्त काही लॅब संरक्षित क्षेत्रात येतात. तिथे निवडीनंतर सरकारी पडताळणी होते, त्याला दोन महिनेही लागतात आणि नकारही येऊ शकतो. तोवर हातातली नोकरी सोडू नका.

मेलमध्ये आधी विचारा: पैसा मंजूर आहे की स्पर्धेतून येणार? आणि स्पर्धा असेल, तर तुमच्याकडे स्टाज करणारं कुणी याच विषयाला बसतंय का? दुसरा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, माहितीये. पुढच्या वर्षी मी विचारला, तर एका मॅडमनी सरळ कळवलं, ‘हो, बसतेय.’ त्याच संध्याकाळी मी मंजूर प्रकल्पाच्या एका जागेला अर्ज केला. सध्या तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे.