स्वस्त घर आणि सामायिक जागा : ग्रामीण गृहरचनेची समीक्षा

हैदराबाद येथील राजेंद्रनगर भागात, राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेच्या आवारात १९९९ साली ग्रामीण तंत्रज्ञान उद्यान सुरू झाले. अल्पखर्चाच्या घरांचे नमुने तेथे प्रत्यक्ष बांधून दाखविण्यात आले. मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवल्यास सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात व घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीटवर भार फारसा नसतो. तेथे कौले बसविली की सिमेंटची बचत होते. या तंत्रांचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र येथे प्रत्येक नमुना सुटा उभा आहे. शेजार, गल्ली व बसण्याची जागा यांचा विचार अशा मांडणीत होऊ शकत नाही, आणि हीच या दृष्टिकोनाची मर्यादा होय.

ही मर्यादा किती महाग पडू शकते, हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या मराठवाड्यात दिसून आले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व छतावरील मातीचा भार कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे भक्कम झाली. परंतु रुंद सरळ रस्ते व सुट्या घरांच्या रांगांमुळे वाडा, अरुंद गल्ली व ओसरी नाहीशी झाली, आणि गटवार वाटपामुळे अनेक ठिकाणी भावकी व शेजार विखुरला. याउलट, जेथे गाव न हलविता घरे दुरुस्त करण्यात आली, तेथे काम घरमालकाच्या हाती होते आणि महिला मंडळांनी माहिती घरोघर पोहोचविली. तेथे जुना शेजार टिकून राहिला. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा किंवा तंत्राचा नव्हता. आराखडा कोणी ठरविला, हाही होता.

२०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित आहे. एवढ्या जागेत ज्वारी वाळविणे, बाळंतीण व पाहुणे यांची सोय, लग्नकार्य किंवा मयतीला आलेली माणसे हे सारे मावणे अशक्य आहे. गरीब कुटुंबाचे निम्मे घर अंगणात, गल्लीत व पारावर असते. ही जागा आराखड्यातून वगळली, तर घर स्वस्त होत नाही. त्याचा खर्च कुटुंबावर पडतो. गावाबाहेर समाजमंदिर किंवा शादीखाना बांधून ही उणीव भरून निघत नाही. तो वर्षातील मोजक्या दिवशी उपयोगी पडतो. सावलीतला कट्टा रोज लागतो, आणि स्त्रियांना तर तो घराजवळच लागतो.

कम्युनिटी कॉलेजमध्ये बांधकामाचे शिक्षण देणाऱ्या शिक्षकांनी या त्रुटीची दखल घेणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांना वीट व स्लॅब शिकविण्यापूर्वी एखादी गल्ली मोजावयास लावावी. सकाळ, दुपार व संध्याकाळी तेथे कोण बसते, काय वाळत असते, याची नोंद घ्यावयास सांगावे. त्या नोंदीवरून काढलेला नकाशा घरमालकिणीला दाखवावा आणि तिने सुचविलेले बदल केल्यानंतरच खर्चाचा अंदाज तयार करावा.