फोनमधला गृहीत माणूस

‘हाच फोन का घेतलास?’ असं कुणालाही विचारलं, तर उत्तरं ठरलेली असतात. कॅमेरा भारी आहे. बॅटरी दिवसभर पुरते. सेलमध्ये चार हजारांनी स्वस्त मिळाला. ऑफिसात सगळ्यांकडे हाच आहे. ताईने नवा घेतला, म्हणून तिचा जुना माझ्याकडे आला. हे शेवटचं उत्तर सोडलं तर बाकी सगळ्यांमागे एक समजूत असते, की निवड आपण केली.

पुस्तकाबद्दल लिहिताना समीक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: लेखकाने वाचक म्हणून कोणाला धरलंय? कोणते शब्द त्याने समजावून सांगितलेत आणि कोणते तसेच सोडलेत, यावरून ते कळतं. मला हाच प्रश्न फोनला विचारावासा वाटतो. फोन बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही कोणीतरी असतं. त्या माणसाच्या घरी वीज किती तास असते, फोन तो एकटा वापरतो की अख्खं घर, त्याला कोणती भाषा येते, किती वर्षांनी तो फोन बदलेल, याची उत्तरं मनाशी धरूनच फोन तयार होतो. आपण दुकानातून फोन आणतो तेव्हा या गृहीत माणसालाही घरी आणतो. त्याचं आणि आपलं जमलं तर फोन ‘चांगला’ ठरतो. गेल्या वीसेक वर्षांतले काही फोन या नजरेने वाचून पाहण्यासारखे आहेत.

सुरुवात नोकिया ११०० पासून करू. तुमच्यापैकी अनेकांनी तो वडिलांच्या शर्टाच्या खिशात किंवा आजोबांच्या उशाशी पाहिला असेल. २००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. त्याला कॅमेरा नव्हता, रंगीत स्क्रीन नव्हता. होतं काय, तर धूळ आत जाऊ नये म्हणून सलग बसवलेला कीपॅड, घामट हातातून सटकू नये म्हणून खरबरीत केलेल्या कडा आणि डोक्यावर एक छोटा टॉर्च. ‘सी’ हे बटण दाबून धरलं की तो लागायचा.

हा टॉर्च नीट बघा. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून अंधारात मोटार चालू करायला निघालेला माणूस, जिन्यातला दिवा गेलेल्या चाळीत वर चढणारी बाई, पहाटे एसटी पकडायला निघालेला विद्यार्थी या सगळ्यांच्या तो कामाचा होता. बनवणाऱ्यांनी ही नेमकी माणसं पाहिली होती असं मी म्हणणार नाही. पण धूळ, घाम आणि अंधार या तीन गोष्टी ज्याच्या रोजच्या जगण्यात आहेत, असा माणूस त्यांनी धरला होता हे फोनवरूनच दिसतं. नोकिया धर्मादाय संस्था नव्हती. तिला नवी बाजारपेठ हवी होती. तरी गिऱ्हाइकाचं आयुष्य आधी बघायचं आणि मग वस्तू घडवायची, हा क्रम तिने पाळला. भारतात इनकमिंग कॉलचे पैसे लागणं २००३ मध्येच बंद झालं, त्यामुळे फोन बाळगणं एकदम आवाक्यात आलं होतं. ज्याला फोन करण्यापेक्षा घेण्यासाठीच जास्त हवा होता, त्याच्या हातात हा फोन गेला.

मला त्याहून रंजक वाटतो तो २००७ चा नोकिया १२००. या फोनमध्ये एकाहून जास्त फोनबुकं ठेवता यायची, म्हणजे एकाच यंत्रात वडिलांची यादी वेगळी, आईची वेगळी. एखादा कॉल किती वेळाचा किंवा किती पैशांचा व्हावा, याची मर्यादाही घालता यायची. फोन हा एकाचाच असतो असं आज आपण धरून चालतो. इथे मात्र कंपनीने फोन घराचा असतो असं धरलं होतं, कधीकधी गल्लीचा. दुसऱ्याच्या फोनवरून बोलताना ‘दोन मिनिटंच हं’ म्हणण्याचा संकोचसुद्धा तिने हिशेबात घेतला होता. शेअर केलेल्या फोनमध्ये गुपित राहत नाही, हे खरंच आहे. फोन घराचा झाला की तो घरातल्या कर्त्या माणसाचा होतो, आणि मुलीला कॉल आला तर आधी तो कोणी उचलायचा हेही ठरून जातं. पण निदान घरात माणसं अनेक आहेत, हे त्या फोनला माहीत होतं.

भारतीय कंपन्यांचं शहाणपण या पुढचं होतं. मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये एक्स१आय हा फोन आणला. एकदा चार्ज केला की स्टँडबायवर महिनाभर चालेल, हा त्याचा दावा. पश्चिम बंगालमधल्या एका गावात ट्रकच्या बॅटरीवर पीसीओ चालवताना पाहिला आणि ही कल्पना सुचली, असं कंपनीचे सहसंस्थापक राहुल शर्मा यांनी सांगितलेलं आहे. ही गोष्ट कळायला महाराष्ट्रातल्या वाचकाला बंगालला जावं लागत नाही. त्या वर्षांत आपल्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक घड्याळाशेजारी लावलेलं असायचं. वीज आली की आधी पाणी भरायचं, मग दळण, मग फोन. अशा घरात महिनाभर चालणारी बॅटरी ही चैन नव्हती. भारतीय कंपन्यांनी दोन सिमकार्डांचे फोनही झपाट्याने पसरवले, कारण एका कंपनीचा कॉल स्वस्त आणि दुसरीची रेंज चांगली, हा हिशेब इथे प्रत्येक जण करत होता.

मग २०१७ मध्ये जिओफोन आला. २१ जुलैला रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी तो जाहीर केला. १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केला की पैसे परत, म्हणजे कागदावर किंमत शून्य. बटणांचा फोन, २.४ इंचांचा स्क्रीन, आणि आत फोर-जी. ज्या घरांत इंटरनेट कधी आलंच नव्हतं तिथे तो आला, हे या फोनचं श्रेय कोणी नाकारू शकणार नाही.

तरी समीक्षा करायची तर पुढचं बोलावं लागेल. या फोनमध्ये सिम जिओचंच चालायचं. टीव्ही आणि सिनेमा दाखवणारी कंपनीची ॲप्स आधीपासून भरलेली होती. व्हॉट्सॲप मात्र आलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे वर्ष उलटल्यावर. एका बटणावर कोंबलेल्या अक्षरांतून मराठी वाक्य लिहायचं म्हणजे अंगठ्याचा व्यायाम. या सगळ्यातून जो माणूस उभा राहतो तो बघणारा आहे, ऐकणारा आहे, पण लिहिणारा नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही असेल, हे गृहीत धरलेलं नाही. नोकिया ११०० मध्ये इंटरनेट नव्हतं, पण तो दोन माणसांना एकमेकांशी बोलायला देत होता. जिओफोन आधी गिऱ्हाइकाला पडद्यासमोर बसवतो आणि बोलायची सोय नंतर करतो. फुकट मिळालेल्या वस्तूकडे असं चिकित्सेने पाहणं आपल्याला कृतघ्नपणाचं वाटतं, म्हणून हे फारसं बोललं गेलं नाही.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे, तर भाषेचंही पाहू. तुम्ही हा लेख बहुधा फोनवरच वाचताय आणि अक्षरं नीट दिसताहेत. हे नेहमी असं नव्हतं. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे, किंवा वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटायच्या. मराठीची म्हणून वेगळी अडचण होती. आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. हा फरक दाखवणारा अर्धा र हिंदीला लागत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून केलेल्या कीबोर्डात तो शोधूनही सापडत नसे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. अँड्रॉइडच्या मेनूत मराठी आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषा वाचता आल्या पाहिजेत आणि इंग्रजी, हिंदी यांच्याबरोबर आणखी निदान एका भाषेत लिहिता आलं पाहिजे, असा आदेश केंद्र सरकारने काढला २०१६ मध्ये.

या काळात आपण फोन कसे निवडत होतो? दुकानात उभं राहून ‘यात दऱ्या लिहून दाखवा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. आपणच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकलो आणि ‘kay chalalay’ ऐवजी ‘काय चाललंय’ लिहिणारा मित्र आपल्याला जरा जास्तच सिरियस वाटू लागला. फोनने गृहीत धरलेल्या माणसासारखं आपण वागू लागतो, ते हे असं.

आता आजचा फोन. पंधरा हजारांच्या आसपासच्या कोणत्याही फोनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत काय असतं ते पाहा. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ही त्यातली एक आवडती ओळ. असा कॅमेरा नेहमीच्या वापरात नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यात चूक काही नाही, कमी उजेडात त्याचा फायदाच होतो. पण आकडा छापला जातो तो मोठा. मागच्या बाजूला तीन भिंगं दिसावीत म्हणून दोन मेगापिक्सेलचं एखादं भिंग बसवलेलं असतं, जे वर्षभरात कोणी उघडत नाही. या जाहिरातीतला गृहीत माणूस तरुण आहे, एकटा आहे, फोटो काढतो, गेम खेळतो आणि दोन वर्षांत पुढच्या मॉडेलकडे जातो.

माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या गृहीतकावर आहे. आपल्या घरांत फोन दोन वर्षांनी संपत नाही, तो पुढच्या हातात जातो. आधी मुलगा वापरतो, मग आई, मग गावाकडचे काका, मग स्क्रीनला तडा गेलेल्या अवस्थेत धाकट्याच्या अभ्यासाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्क्यांनी आपल्याकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल आहे असं सांगितलं. गोव्यात हे प्रमाण नव्वदच्या वर होतं. या आकड्यात नवा फोन किती जणींचा आणि वापरून झालेला किती जणींचा, हे मोजलेलं नाही. माझ्या ओळखीतल्या आयांच्या फोनची चौकशी केली, तर पहिला मालक बहुतेक वेळा घरातला मुलगा किंवा मुलगी निघते. माझ्या आईचा फोनही माझाच जुना आहे.

गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. हे महागडे फोन. स्वस्त फोनपैकी अनेकांना यापेक्षा बरीच कमी वर्षं मिळतात. म्हणजे जो फोन सर्वांत जास्त काळ, सर्वांत जास्त हातांतून फिरणार, त्याचीच सुरक्षा सर्वांत आधी थांबते. तोवर तो आईच्या हातात पोचलेला असतो. त्यावर तिचं बँकेचं खातं आहे, यूपीआय आहे, गॅसचं बुकिंग आहे, ओटीपी येतात. ‘केवायसी अपडेट करा’ म्हणणारा फसवा मेसेजही तिलाच येतो. आपण कॅमेरा बघून निवड केली आणि जोखीम तिच्याकडे गेली. तिला या निवडीबद्दल कोणी विचारलेलं नसतं. ‘मला काय करायचाय नवा, बोलता आलं म्हणजे झालं,’ असं ती म्हणते, आणि आपण ते सोयीने खरं मानतो.

यावर उपाय म्हणून सगळ्यांनी महाग फोन घ्यावेत असं सुचवणं म्हणजे चेष्टा होईल. हप्त्यांवर आयफोन घेणाऱ्यांची टिंगलही मला करायची नाही. बऱ्याचदा त्यांचा हिशेब पक्का असतो: जास्त वर्षं टिकेल, विकताना भाव येईल. पण निवडीचा प्रश्न बदलता येईल. दुकानात विचारा, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत? बॅटरी बदलायला आपल्या तालुक्याच्या गावी कोणी आहे का? माझ्यानंतर हा फोन कोण वापरणार, आणि तिला यातली अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येतील का?

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनबरोबर एक पट्टी द्यावी लागते. बॅटरी किती वेळा चार्ज होऊनही टिकेल, पडल्यावर फोन कितपत तग धरेल, दुरुस्ती किती सोपी, हे त्यावर लिहिलेलं असतं. सुटे भागही विक्री थांबल्यावर काही वर्षं मिळत राहावेत असा नियम आहे. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर शेवटची तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. तशी फोनच्या खोक्यावर सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख छापायला लावली, तर कॅमेऱ्याच्या आकड्याशेजारी तीही वाचली जाईल. मग आईला फोन देताना निदान एवढं तरी सांगता येईल, की हा अमुक वर्षापर्यंत बिनघोर वापर, त्यानंतर आपण नवा बघू. आणि तो बघायला दुकानात तिलाही नेता येईल.