भाव ठरवणारे आणि तोंड उघडणारी

‘द इन्फॉर्मंट!’ हा इंग्रजी पिक्चर मी दोनदा पाहिला. पहिल्या वेळेस पोट धरून हसले. दुसऱ्या वेळेस मात्र, आपण नेमकं कुणाला हसतोय, हा प्रश्न मनातून जाईना. स्टीव्हन सोडरबर्गनं २००९ साली तो काढला, मॅट डेमन त्यात नायक आहे. कर्ट आयकनवाल्ड या न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारानं २००० साली लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, खरी आहे, आणि आपल्यासारख्या तुरीच्या मुलखातल्या, व्यापाऱ्यांच्या घरांतल्या बायकांनी तर ती ऐकलीच पाहिजे.

आर्चर डॅनियल्स मिडलँड, म्हणजे एडीएम, ही डिकेटर गावची बलाढ्य कंपनी. मका, सोयाबीन यांवर तिचा सगळा पसारा. ती लायसिनही बनवायची. लायसिन म्हणजे काय? आपल्या ज्वारीच्या भाकरीत जे कमी पडतं आणि तुरीच्या वरणातून जे भरून निघतं, ते. भाकरीबरोबर वरण हवंच, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, फक्त नाव ठाऊक नव्हतं. तिकडे ते कारखान्यात करतात आणि डुकरांच्या, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, जनावर लवकर वाढावं म्हणून. पशुखाद्य म्हटलं की आपण कान झाकतो, तो आपला विषय नाही म्हणतो. पण चोरी कुठल्या मालात झाली यावरून ती लहानमोठी ठरत नाही.

झालं असं, की १९९२ साली एडीएम आणि जपान-कोरियाच्या कंपन्या एकत्र बसल्या. कुणी किती माल विकायचा, कुठल्या भावानं विकायचा, हे त्यांनी आपसात ठरवलं. बाहेर दाखवायला व्यापारी संघटनेची बैठक, तिची खोटी विषयपत्रिका, आत भावाचा सौदा. पहिल्याच वर्षात लायसिनचा भाव सत्तर टक्क्यांच्या आसपास चढला. बाहेर गिऱ्हाइकाला वाटायचं, या कंपन्यांची एकमेकींशी केवढी चुरस आहे! आत मात्र स्पर्धक हा मित्र आणि गिऱ्हाईक हा शत्रू, अशी उघड भाषा होती.

हे बाहेर आलं ते मार्क व्हिटेकर या वरिष्ठ अधिकाऱ्यामुळे. तो अडीच वर्षांहून जास्त काळ एफबीआयसाठी अंगावर टेप लावून बैठकांना बसला. एका हॉटेलात तर दिव्यात कॅमेरा लपवला होता. जून १९९५ मध्ये कंपनीवर धाड पडली आणि १९९६ साली एडीएमनं गुन्हा कबूल करून दहा कोटी डॉलर दंड भरला. पण याच काळात व्हिटेकर स्वतः कंपनीचे नव्वद लाखांहून जास्त डॉलर लाटत होता, हेही उघड झालं. शेवटी त्याला नऊ वर्षांची शिक्षा, आणि ज्याला त्यानं पकडून दिलं त्या मालकपुत्र मायकेल आंद्रियासला अपिलानंतर तीन वर्षांची.

आता पिक्चरबद्दल. सोडरबर्गनं त्याची गंमत केली आहे. हलकंफुलकं संगीत, व्हिटेकरची भरकटलेली मनातली बडबड, कधी टायबद्दल, कधी ध्रुवावरच्या अस्वलांबद्दल. डेमननं काम झकास केलंय, त्यात वाद नाही. पण दोन तास आपण एका थापाड्याला हसतो, आणि त्या हसण्यात दरोडेखोर निसटतात. ज्या शेतकऱ्यानं महागडं खाद्य घेतलं, तो कुठे आहे? ज्या बाईनं वाढलेल्या भावानं सौदा घेतला, ती कुठे आहे? पिक्चरमध्ये त्यांना जागाच नाही. पुस्तक त्या मानानं जास्त प्रामाणिक आहे, तपशील भरपूर देतं. पण तेही व्हिटेकरच्या थापांच्या कोड्यात रमतं, भावाच्या बळींपाशी फार थांबत नाही.

राजकारणाचंही तसंच. कंपनीचे सर्वेसर्वा ड्वेन आंद्रियास दोन्ही पक्षांना देणग्या द्यायचे. त्यांनी निक्सनच्या निवडणुकीला दिलेला पंचवीस हजार डॉलरचा चेक वॉटरगेटच्या एका घरफोड्याच्या बँकखात्यात सापडला होता. ही केवढी मोठी गोष्ट! दोन्हीकडे दिवा लावला की अंधार कुणाच्या घरी पडणार? पिक्चरला या बाजूत फारसा रस नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे सगळं सुरू झालं ते व्हिटेकरच्या बायकोमुळे. नोव्हेंबर १९९२ मध्ये एफबीआयचा माणूस भलत्याच कामासाठी घरी येणार होता. जिंजर व्हिटेकरनं नवऱ्याला बजावलं, की तू खरं सांग, नाहीतर मीच सांगते. त्या रात्री घराबाहेर गाडीत बसून त्यानं भावाच्या कटाची गोष्ट सांगितली. पुढे नवरा खोटा निघाला, तुरुंगात गेला, तरी ती त्याच्याबरोबर राहिली. म्हणजे या प्रकरणात सगळ्यात स्वच्छ माणूस ही बाई, आणि पिक्चरमध्ये ती कॉफीचा कप हातात घेतलेली बायको! तिला सगळं माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. ही ओळ मी लिहिली आणि थांबले, कारण ही तर आपलीच गोष्ट झाली.

आपल्या घरांत दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत असते. जेवताना पुरुष जे बोलतात ते वाढणारीच्या कानावर पडतंच. माल दाबून ठेवायचा का, समोरच्या दुकानाशी काय ठरलं, वजनात किती सोडायचं. आपण पोळी वाढतो आणि ऐकलंच नाही असं दाखवतो. पूर्वी गंजात रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. हत्ता पद्धत म्हणायचे. शेतकरी समोर उभा, त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसेना. म्हणून तर उघड लिलावाचे कायदे आले. रुमाल गेला, पण बंद खोलीतलं ठरवणं जगातून गेलं नाही, हेच डिकेटरची गोष्ट सांगते.

कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. पण भावाचं काय? २०१५ च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली, देशभर गोदामांवर छापे पडले, हजारो टन डाळ निघाली. पुढच्याच हंगामात तूर भरपूर पिकली. सरकारी आधारभाव ५,०५० रुपये क्विंटल होता, पण बाजारात त्याच्या खूप खाली तूर विकावी लागली, आणि सरकारी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. तुरीत डिकेटरसारखा कट सिद्ध झाला, असं मी म्हणत नाही. दुष्काळ खरा होता, भरघोस पीकही खरं होतं. पण निर्यातबंदी, साठ्याची मर्यादा, आयातीचा करार, हे दिल्लीत ठरतं. ते ज्याच्या कानावर आधी येतं त्याचा नफा, आणि ज्याला शेवटी कळतं तो शेतकरी. चढतानाही बाईच पातळ वरण करते, उतरतानाही शेतकऱ्याचीच बाई डोरलं गहाण टाकते.

मग बोलावं का? इथे आपल्यातल्या जाणत्या बायका मला अडवतील. दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय होतो. त्यात सत्यव्रताच्या अतिचारांत साकारमंत्रभेद सांगितलाय, म्हणजे दुसऱ्यांची गुप्त मसलत ओळखून ती फोडणं. मग जिंजरनं पाप केलं का? मी हे पुष्कळ दिवस घोळवलं. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत याचा खुलासा आहे, की मत्सरासारख्या कारणानं फोडणं हा तो दोष. कुणाला खाली ओढायला केलेली चहाडी वेगळी, आणि लुटले जाणारे लोक वाचावेत म्हणून सांगितलेलं खरं वेगळं. शिवाय त्याच अध्यायात अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोटी मापं आहेत, बनावट माल आहे, चोरीचा माल घेणं आहे. तराजूचा इतका बारीक विचार ज्यांनी केला, ते बंद खोलीत ठरलेल्या भावाला व्यापारी हुशारी म्हणाले असते का? आपण पाणी गाळून पितो. पैसा गाळून घरात घेतो का?

व्हिटेकरनं काय बिघडवलं, तेही यातून कळतं. त्यानं कट फोडला, पण हात स्वच्छ ठेवले नाहीत, म्हणून जग त्याला हसलं आणि कंपनीला बोट दाखवायला माणूस मिळाला. खरं सांगणाऱ्यानं आधी स्वतःचं खातं तपासावं.

आणि बोलणाऱ्याला आधार कुठाय? आपल्या स्पर्धा कायद्यात कटातली कंपनी स्वतःहून कबुली द्यायला आली, तर तिला दंडात पूर्ण सूटही मिळू शकते. पण आडतीवरच्या मुनिमाला, मिलमधल्या कारकुनाला? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, अजून अमलात आला नाही, आणि तोही सरकारी कारभारापुरताच. मालकाला माफीची वाट आहे, नोकराला घरची वाट. म्हणून मुनिमानं बोलावं असा उपदेश मी करणार नाही. त्याच्या आधी आपण बोलायचं आहे. आपल्याला कुणी नोकरीवरून काढत नाही.

पोलिसांकडे जा असं मी म्हणत नाही. ताटावर बसलेल्या नवऱ्याला, मुलाला एवढंच विचारायचं, की हा भाव तुम्ही कुणाकुणाबरोबर बसून ठरवला? उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं. पिक्चर जरूर बघा, हसा. पण जिंजर पडद्यावर आली की हसणं थांबवा आणि तिच्याकडे नीट बघा.