सारातोव्हचें कलासंग्रहालय

कलासंग्रहालयाची थोरवी भिंतींवरील चित्रांच्या संख्येनें मोजण्याची संवय फार रूढ आहे. त्या मापानें पाहतां व्होल्गा नदीकांठच्या सारातोव्ह शहरांतील रदीश्चेव्ह कलासंग्रहालय पीटर्सबर्गच्या हर्मिटाजपुढें फिकें पडेल. परंतु संग्रह कोणासाठीं केला व त्यांतून काय निपजलें, हा प्रश्न आम्ही अधिक महत्त्वाचा समजतों.

संग्रहाचा मूळ दाता अलेक्सेय बोगोल्यूबोव्ह (१८२४–१८९६) हा सागरचित्रकार. हें संग्रहालय १८८५ सालीं सर्वांस खुलें झालें. ट्रेत्याकोव्हनें आपलीं चित्रें मॉस्को शहरास अर्पण केलीं तीं त्यानंतर सात वर्षांनीं. बोगोल्यूबोव्हनें संस्थेस स्वतःचें नव्हे, तर आपल्या मातामहाचें नांव दिलें. भूदासांच्या हालांस वाचा फोडल्याबद्दल १७९० सालीं न्यायालयानें ज्यास देहान्ताची शिक्षा सांगितली व कॅथराइन राणीनें ती बदलून ज्यास सैबेरियांत धाडलें, तोच हा ग्रंथकार अलेक्सांद्र रदीश्चेव्ह. झारशाहीच्या अमदानींत असें नांव देण्यास नुसतें कलाप्रेम पुरेसें नव्हतें.

दात्याच्या स्वतःच्या कलेविषयीं मात्र आम्हांस हात राखूनच बोललें पाहिजे. तो पूर्वाश्रमीचा आरमारी अधिकारी. त्यामुळें त्याच्या गलबतांच्या शिडांत वा दोरखंडांत चूक काढतां येत नाहीं. पण त्याचा समुद्र पाहणाराच्या मनांत क्वचितच शिरतो. याउलट त्यानें फ्रान्समध्यें राहून जमविलेलीं बार्बिझां परंपरेचीं निसर्गचित्रें व मोंतिचेल्लीचीं दाट रंगांचीं चित्रें हें या संग्रहाचें खरें धन होय. आपल्या कुंचल्यास जें साधलें नाहीं तें दुसऱ्याच्या चित्रांत ओळखून गांवकऱ्यांपुढें ठेवणें, हा गुण कलावंतांत दुर्मिळ आहे.

संग्रहालय उघडलें तेव्हां सारातोव्हचाच बोरीसोव्ह-मुसातोव्ह पंधरा वर्षांचा होता, पावेल कुझनेत्सोव्ह सहा वर्षांचा. बोगोल्यूबोव्हच्या द्रव्यावर १८९७ सालीं चित्रशाळाही निघाली. १९०४ सालीं कुझनेत्सोव्ह व त्याच्या सोबत्यांनीं याच शहरांत ‘तांबडा गुलाब’ हें प्रदर्शन भरविलें. त्याचाच पुढील बहर म्हणजे १९०७ चें मॉस्कोंतील ‘निळा गुलाब’. हे चित्रकार केवळ संग्रहालयानें घडविले असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. दोघेही पुढें मॉस्कोंत शिकले. परंतु उत्तम चित्र म्हणजे काय हें कळण्यासाठीं त्यांस राजधानीची वाट पाहावी लागली नाहीं. आज त्यांचीं चित्रें त्याच संग्रहांत आहेत. ज्यास आपण देणगी म्हणतों, तिची परतफेड याहून चांगली कोणती असावी?