दोन रकाने

कादंबरीत पात्राच्या तोंडी एक वाक्य घालताना लेखक चार वाक्ये केराच्या टोपलीत टाकतो. ती चारही वाक्ये जपून ठेवणारा एक लेखनप्रकार माझ्या एका विद्यार्थ्याने मला दाखविला. तो खेळासाठी असला तरी संवादच आहे. म्हणून त्याला वाङ्मयाचेच निकष लावतो.

२००४ साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळाचे जग आपल्या सर्व्हरवर चालविण्यासाठी ‘ट्रिनिटीकोअर’ नावाची मुक्त प्रणाली आहे. तीत पात्रांचे बोलणे कोष्टकांत लिहितात. पात्राचे वाक्य, त्याखाली खेळाडूने निवडायची उत्तरे आणि उत्तरापुढे पुढच्या यादीचा क्रमांक! बोलणारे पात्र पुरुष की स्त्री, यासाठी दोन रकाने असतात.

मुलाने कोल्हापुरातील एक खाणावळ रचली होती. वाढणारा मुलगा म्हणतो, “आलो, आलो!” आणि मुलगी म्हणते, “आले, आले!” व्याकरण चोख. परंतु ते वाचून वर्गातली एक मुलगी हसली. “सर, आपल्यात पोरीबी ‘आलो’च म्हणत्यात की!”

खरेच आहे. रकाना होता म्हणून मुलाने तो भरला, आणि गाव हातचे निसटले. उलट, जो भेद मराठीला हवा त्याला रकानाच नाही. इंग्रजीचे काम एका ‘यू’वर भागते, आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतून नाते ठरवावे लागते. त्याची मालकीण मात्र सर्वांना सारखेच “या, बसा” म्हणते.

यावर उपाय याद्यांतच आहे. पहिल्या यादीत खेळाडूने हाक निवडावी. “मावशी” म्हणणाऱ्याला “ये रे बाबा, बस”, “ओ बाई” म्हणणाऱ्याला “बसा. पैसे आधी.” १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा कोंडके प्रेक्षक पाहून ऐन वेळी वाक्य फिरवीत. येथे ती सोय नाही. सारे आधीच लिहावे लागते. पण येथे शब्द निवडणारा वाचक त्याच्या परिणामाचाही धनी होतो. हे बळ माझ्या कादंबरीला नाही.

मुलाने रकाना दुरुस्त केला. मला मात्र मुलींच्या निबंधांतील ‘मी आलो’ या शब्दांखाली मी वर्षानुवर्षे ओढलेल्या लाल रेघा आठवल्या. शुद्ध काय ते शिकविणे माझे काम खरे. परंतु त्या मुली जेव्हा संवाद लिहीत होत्या, तेव्हाही मी रकानाच भरीत होतो.