सहाव्या हिश्शाची खिडकी

‘ईको-निवास संहिता’ नावाचं एक सरकारी पुस्तक डिसेंबर 2018मध्ये आलं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालय आणि ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी यांनी ते काढलं. त्यामागे भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून झालेलं काही वर्षांचं काम होतं. पहिल्या भागाचा विषय एवढाच: 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर उभ्या राहणाऱ्या निवासी इमारतीच्या भिंती, छप्पर आणि खिडक्या कशा असाव्यात. मजकूर बराचसा कोष्टकांत आहे आणि विशेषणं शोधावीच लागतात. मुलुंडच्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत मी हरित इमारतींच्या कामाला जायला लागलो, तेव्हा तिथल्या ज्येष्ठ आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, “गोल्ड, प्लॅटिनम नंतर शिका. आधी हे वाचा.” वाचलं, आणि रसग्रहण करावं असं बरंच काही हाती लागलं.

गोल्ड-प्लॅटिनमचा प्रकार थोडक्यात असा. भारतीय उद्योग महासंघाने 2001मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल सुरू केली. टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांची ‘गृह’ ही पद्धत 2007ची. पहिलीत सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या. दुसरीत एक ते पाच तारे. दोन्हीकडे काही अटी सक्तीच्या आणि बाकी सगळा गुणांचा हिशोब: पाणी, वीज, साहित्य, कचरा, जागेची निवड. या चळवळीचा मानबिंदू मानली जाणारी हैदराबादची इमारत विक्रोळीच्या सोहराबजी गोदरेजांचं नाव लावते. अमेरिकेच्या लीड पद्धतीत तिला 69पैकी 56 गुण मिळाले. अमेरिकेबाहेर प्लॅटिनम मिळवणारी ती पहिली इमारत. जुलै 2004मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

गुणांच्या बेरजेत मात्र एक सोय असते. पाण्यात चांगले गुण पडले की भिंतीतली कसर झाकली जाते. संहितेचा पहिला भाग ही सोय फारशी देत नाही. तिथे चार मागण्या आहेत आणि चारही वेगवेगळ्या पुऱ्या कराव्या लागतात: हवा, उजेड, छप्पर आणि भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता. पुस्तकाची घडण इथेच कळते. घर म्हणजे आधी ऊन अडवणारी आणि वारा आत घेणारी वस्तू, बाकी सगळं मागाहून, अशी त्याची धारणा आहे. ती कुठेही बोलून दाखवलेली नाही, पण कोष्टकांच्या क्रमातून ती सतत जाणवते.

हवेची मागणी पाहा. मुंबईसारख्या उष्ण-दमट पट्ट्यात फ्लॅटच्या कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, उघडता येण्याजोगा हवा. 600 चौरस फुटांच्या घराला 100 चौरस फूट. बाल्कनीचं दारही त्यात धरायचं. अट सोपी वाटते, तोच पुढे एक लहानसं कोष्टक येतं आणि माझ्या मते हे या पुस्तकातलं सर्वांत मार्मिक स्थळ आहे. बिजागऱ्यांवर उघडणारी खिडकी 90 टक्के धरायची. दोन पल्ल्यांची सरकती 50 टक्के. तीन पल्ल्यांची 67. ब्रोशरमध्ये सहा बाय पाचची ऐसपैस स्लायडिंग खिडकी दिसते, 30 चौरस फुटांची. संहितेच्या हिशोबात ती 15चीच. एक पल्ला दुसऱ्यामागे गेला तरी अर्धी चौकट काचेने अडलेलीच राहते, हे आपण रोज पाहतो आणि कधी मोजत नाही. जुन्या इमारतींतल्या दोन कवाडांच्या लाकडी खिडक्या याच मापाने जवळजवळ पूर्ण भरतात.

उष्णतेचं सूत्र दिसायला बोजड आहे. भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट शिरणारं ऊन, अशा तीन पदांची ती बेरीज. उत्तर दर चौरस मीटरला 15 वॉटच्या आत यायला हवं. आपल्या हवामानासाठी भिंतीच्या पदाचा गुणक सुमारे 5 आणि उन्हाच्या पदाचा 65. आकडे घालून पाहिले की चित्र उभं राहतं. नऊ इंची विटेच्या भिंतीचा एक चौरस मीटर साधारण 10 देतो. साध्या, उघड्या काचेचा तेवढाच तुकडा 50च्या पुढे. दोष कुणाचा किती, हे सूत्र इतक्या तटस्थपणे वाटून देतं.

मग दिशांचं कोष्टक. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांसाठी उत्तरेचा गुणक 0.659, पश्चिमेचा 1.156, पूर्वेचाही जवळपास तितकाच. दक्षिणेचा मात्र 0.966, आग्नेय आणि नैर्ऋत्येपेक्षा कमी. कारण सूर्य डोक्यावर असताना दक्षिणेच्या भिंतीला तो तिरका घासून जातो. सकाळ-संध्याकाळी तो समोरून येतो. अंधेरीत मावळतीच्या देखाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने हा 1.156 एकदा वाचावा.

या उन्हावरचा उपाय म्हणून पुस्तक छज्ज्याकडे वळतं. छज्जा किती बाहेर आला आहे त्याला खिडकीच्या उंचीने भागायचं आणि त्या भागाकारावरून ऊन किती कमी धरायचं ते कोष्टकात बघायचं. गवंड्याच्या अंदाजावर चाललेल्या गोष्टीला इथे आकडा मिळतो. नव्या टॉवरांच्या सपाट दर्शनी भागात छज्जा आखडत गेला आणि रहिवासी तो आपापल्या परीने परत आणतात: बोरिवली-घाटकोपरच्या कुठल्याही गल्लीत मान वर करा, बॉक्स ग्रिलवर ठोकलेले पन्हाळी पत्रे दिसतील. पावसासाठी बसवलेले, पण उन्हाचंही काम करणारे.

हे सगळं वाचून ‘जुनं तेच सोनं’ म्हणायचा मोह होतो. पुस्तक त्याला बळी पडत नाही. त्याच्या गणितात विटेची भिंतही फार गुणाची नाही. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, भिंत तिच्या निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते. सगळ्यांत मागे राहते ती मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, ओतलेली काँक्रीटची पातळ भिंत, जी उपनगरांतल्या रीडेव्हलपमेंटमध्ये आज सर्रास दिसते. काम झटपट उरकतं, म्हणून ती बिल्डरला परवडते. रात्री पंखा फिरतोय आणि भिंत हाताला कोमट लागतेय, हा अनुभव त्या घरांत राहणाऱ्यांना नवा नाही.

मौनाच्या जागा इथेही आहेत. नवी इमारत उभी करण्यासाठी जी पाडली, तिच्यातल्या विटा, सिमेंट, पोलाद यांवर खर्च झालेल्या ऊर्जेचं काय, याबद्दल हा भाग काही बोलत नाही. खिडकी उघडता येते एवढ्यावर तो थांबतो. एलबीएस मार्गाच्या धुळीत आणि हॉर्नमध्ये ती कुणी उघडेल का, हे विचारत नाही. उघडता येणारी पण कायम बंद असलेली खिडकी कागदावर पास होते आणि आत एसी चालू राहतो. या पुस्तकाची ही खरी मर्यादा आहे, आणि ती रस्त्यांकडे बोट दाखवते.

तरीही सामान्य फ्लॅटधारकाच्या हातात देण्यासारखा याहून चांगला मजकूर मला माहीत नाही. प्रमाणपत्राशी वाद घालता येत नाही. फार तर ते प्री-सर्टिफिकेट आहे की बांधकामानंतरचं, एवढं विचारता येतं. होर्डिंगवर झळकतं ते बहुतेकदा आराखड्यावर मिळालेलं असतं, म्हणून तेवढं तरी विचारावंच. आकड्यांशी मात्र वाद घालता येतो. आमच्याकडच्या सोसायट्यांच्या सभेत कार्पेट किती वाढतो, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, यावर तासन्‌तास घासाघीस होते आणि ती व्हायलाच हवी. त्याच सभेत आणखी तीन प्रश्न विचारता येतात: भिंत कशाची, पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा किती, आणि खिडकी उघडते किती. विचारायची वेळ तेवढी पाळावी. आराखड्याच्या मंजुरीआधी (आयओडी) छज्जा मागता येतो. भोगवटा प्रमाणपत्रानंतर (ओसी) फक्त एसी बसवता येतो.